गाडीच्या रेडिओतली कुईं: आधी वाट शोधा, मग फिल्टर

गाडी सुरू होते, रेडिओ लागतो आणि गाण्याच्या मागे एक बारीक कुईं ऐकू येऊ लागते. रेस दिली की ती चढते, पाय काढला की उतरते. आवाज वाढवला तर गाण्यात बुडते, पण गाणं संपून निवेदक बोलायला लागला की पुन्हा डोकं वर काढते. एकदा ती कानाला लागली की मग दुसरं काही ऐकूच येत नाही.

अशा वेळी बहुतेक जण करंटच्या वायरवर बसणारा, आवाज गाळणारा नॉइज फिल्टर आणून बसवतात. मीही बसवला होता. फरक पडला नाही म्हणून त्याहून मोठा बसवला. मग एके दिवशी फोनची चार्जिंगची पिन सहज काढली आणि कुईं गप्प! दोन्ही फिल्टर बिचारे आपापलं काम नीट करत होते. आवाज त्यांच्या वाटेने येतच नव्हता, त्याला ते काय करणार?

म्हणून आधी एकच प्रश्न सोडवायचा: नको असलेला आवाज रेडिओत शिरतो कुठून? चोर कोण ते नंतर बघू, तो दारातून आला की खिडकीतून ते आधी. वाटा मोजक्याच आहेत. एक अँटेनाची. दुसरी करंट आणणाऱ्या वायरची, आणि अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह बाजूची गाडीच्या बॉडीशी जोडणी, तिच्यातच धरा. तिसरी म्हणजे स्टिरिओपासून ॲम्प्लिफायरकडे जाणाऱ्या किंवा फोनकडून स्टिरिओत येणाऱ्या ऑडिओ केबलची. प्रत्येक वाटेवरचा इलाज वेगळा, आणि एकीचा इलाज दुसरीवर चालत नाही.

स्क्रूड्रायव्हर न उचलता

गाडी मोकळ्या जागी उभी करा, वरून विजेच्या तारा जात नाहीत अशा ठिकाणी. तारांखाली, ट्रान्सफॉर्मरजवळ किंवा एखाद्या बिघडलेल्या दिव्याशेजारी एएमवर जी घुर्रघुर्र येते तिचा तुमच्या गाडीशी काही संबंध नसतो. गाडी थोडी पुढे नेल्यावर आवाज गेला, तर प्रकरण तिथेच मिटलं. तसंच, चालत्या गाडीत एफएमवर मधेमधे फस् फस् होऊन स्टेशन तुटत असेल, तर तीही वायरिंगची तक्रार नाही. इमारतींवर आपटून आलेल्या लहरी आणि थेट आलेल्या लहरी एकमेकींना कापतात, त्याचा तो परिणाम. सिग्नलला थांबलेली गाडी हातभर पुढे सरकवली की स्टेशन पुन्हा स्वच्छ लागतं, ते यामुळेच.

आता इंजिन बंद ठेवून चावी फक्त ॲक्सेसरीवर फिरवा आणि रेडिओ लावा. आवाज आत्ताच असेल, तर अल्टरनेटर (इंजिनासोबत फिरून गाडीची वीज बनवणारा) आणि स्पार्क प्लग (पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडणारे) दोघेही निर्दोष सुटले. नसेल तर चावी ऑनवर न्या. पेट्रोलच्या बऱ्याच गाड्यांत या क्षणी इंधनपंप दोन-तीन सेकंद चालून थांबतो. तेवढ्यापुरतीच घरघर आली तर पंप सापडला. मग एसीचा पंखा, वायपर, हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर हे एकेक करून चालू-बंद करा. घाई करून दोन गोष्टी एकदम चालू करू नका, नाहीतर आपणच आपल्याला फसवतो. सॉकेटमध्ये खोचलेला चार्जर आणि डॅशकॅम आधीच काढून ठेवा आणि सर्वांत शेवटी पुन्हा लावा. माझे फुकट गेलेले दोन फिल्टर या एका ओळीने वाचले असते.

शेवटी इंजिन सुरू करा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि वर आकाश हवं. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवत बसू नका, धुरातला विषारी वायू जीवावर बेततो. हलकी रेस द्या आणि ऐका.

यानंतरच्या दोन चाचण्या मला सगळ्यांत जास्त उपयोगी वाटतात, आणि दोन्ही फुकट आहेत. पहिली: रेडिओवरून पेनड्राइव्हवर किंवा ब्लूटूथवर या. आवाज फक्त रेडिओवर येत असेल तर तो अँटेनाच्या वाटेने येतोय. सगळीकडे येत असेल तर करंट, अर्थिंग किंवा ॲम्प्लिफायर. फक्त ऑक्स केबल लावल्यावर येत असेल तर ती केबल आणि तिच्या टोकाला असलेला फोन. दुसरी: व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज त्यासोबत कमी झाला तर तो व्हॉल्यूमच्या बटणाआधी कुठेतरी मिसळतोय. शून्यावरही तसाच राहिला तर तो बटणाच्या पुढे मिसळतोय, म्हणजे ॲम्प्लिफायर, त्याच्याकडे जाणारी केबल किंवा त्याचं अर्थिंग. एवढ्यावर निम्मी गाडी संशयातून बाहेर पडते.

चढणारी कुईं आणि टिकटिक

रेससोबत सूर चढणारी कुईं अल्टरनेटरची. तो सूर येतो कुठून हे कळलं की पुढचे इलाज पाठ करावे लागत नाहीत.

अल्टरनेटर मुळात एसी वीज बनवतो, तीन वेगवेगळ्या वेटोळ्यांत. सहा डायोड त्या एसीला सरळ करून डीसी बनवतात. पण हा डीसी अगदी सपाट नसतो. त्याच्या माथ्यावर करवतीसारखे बारीक दात राहतात. हे दात सेकंदाला किती, ते मोजता येतं. समजा इंजिन ८०० आरपीएमवर शांत चालू आहे आणि पुली अडीचपट वेगाने अल्टरनेटर फिरवते, म्हणजे २,००० आरपीएम. आत चुंबकाच्या ध्रुवांच्या सहा जोड्या असतील, तर प्रत्येक वेटोळ्यात सेकंदाला २०० वेळा वीज उलटसुलट होते, आणि सहा डायोडमुळे प्रत्येक खेपेला सहा दात: १,२०० हर्ट्झ. रेस देऊन इंजिन २,४०० वर नेलं की ३,६०० हर्ट्झ. माणसाचा कान साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, आणि ही कुईं बरोबर तिथेच येऊन बसते. ती एवढी टोचते याचं कारण हे.

बॅटरी हे दात बऱ्यापैकी दाबून टाकते, त्यामुळे धडधाकट गाडीत ते ऐकू येत नाहीत. ऐकू येऊ लागले तर एक तर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलीय, किंवा अल्टरनेटरचा एखादा डायोड गेलाय, किंवा अर्थिंग कच्चं आहे. डायोड गेला की करवतीचे काही दात मोडतात, आणि बारीक कुईंऐवजी जाडसर गुरगुर येते. मल्टिमीटर असेल तर तपासणी सोपी आहे. इंजिन चालू, हेडलाइट चालू, मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांवर लावा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर रेडिओ सोडा, अल्टरनेटर दाखवून घ्या. मात्र काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले तरी बॅटरीचा डीसीच मोजून भलताच आकडा देतात. आधी इंजिन बंद ठेवून मोजा. तेव्हा जवळजवळ शून्य आला नाही तर त्या मीटरच्या भरवशावर अल्टरनेटर बदलू नका.

टिकटिक ही वेगळी जात. तीही रेससोबत वाढते, पण तिचा सूर चढत नाही, ठोके जवळ येत जातात. हे काम स्पार्क प्लगचं. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, म्हणजे ८०० आरपीएमला सेकंदाला सुमारे २७. आणि ठिणगी म्हणजे रेडिओचा सर्वांत जुना ट्रान्समीटर! हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८०च्या दशकात रेडिओलहरी दाखवून दिल्या त्या ठिणगीनेच, आणि मार्कोनींची सुरुवातीची यंत्रंही ठिणगीवरच चालत. बॉनेटखाली आपण असे चार छोटे ट्रान्समीटर बाळगतो आणि दोन हातांवर रेडिओ ठेवतो, मग तक्रार करतो. गाडीतला रेडिओ बाजारात आला तेव्हापासूनची ही डोकेदुखी आहे. १९३० साली पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने मोटरोला नावाने गाडीचा रेडिओ विकायला काढला, तेव्हा या ठिणग्यांना गप्प करणं हा त्यातला मोठा भाग होता.

इलाज म्हणजे ठिणगीच्या वाटेत रेझिस्टन्स घालणं. त्यामुळे तिचा झटका बोथट होतो आणि लहरी कमी फेकल्या जातात. हल्लीच्या बहुतेक प्लगमध्ये काही हजार ओहमचा रेझिस्टर आतच असतो आणि बऱ्याच कंपन्या तो नंबरातल्या ‘आर’ अक्षराने दाखवतात. कुणी स्वस्तात किंवा ‘पिकअप वाढतो’ म्हणून बिनरेझिस्टरचे प्लग घातले असतील तर टिकटिक हमखास. जुन्या गाड्यांत प्लगच्या केबलही तपासा. रात्री अंधारात बॉनेट उघडून लांबून पाहिलं तर फाटलेल्या केबलवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. लांबूनच पाहा. तिथे हजारो व्होल्ट असतात, आणि जवळच पंखा आणि पट्टा फिरत असतो. डिझेल गाडीत स्पार्क प्लगच नसतात, त्यामुळे तिथे टिकटिक आली तर संशयित दुसरा.

बॉनेटचंही एक काम लोक विसरतात. लोखंडी बॉनेट हे ठिणग्यांवरचं झाकण आहे, पण त्याला बॉडीचं अर्थिंग मिळालं तरच. बिजागरीवर रंग आणि गंज असतो, म्हणून काही गाड्यांत विणलेल्या तारेची पट्टी बॉनेट आणि बॉडी जोडते. अपघातानंतर किंवा रंगकामानंतर ती परत लावायची राहून जाते, आणि मालक म्हणतो, ‘रंग दिल्यापासून रेडिओ बिघडलाय’. तो खरं सांगत असतो.

एफएमवर टिकटिक आली तर अँटेना बघा

एएममध्ये आवाज हा लहरीच्या उंचीत लपवलेला असतो, आणि ठिणगी तीच उंची हलवते. त्यामुळे एएमवर प्रत्येक ठिणगी ऐकू येते. एडविन आर्मस्ट्राँग यांनी रुंद पट्ट्याचं एफएम शोधलं (पेटंट १९३३ सालचं) ते याच कटकटीवर उपाय म्हणून. एफएममध्ये आवाज सेकंदाला किती लहरी येतात यात, म्हणजे फ्रिक्वेन्सीत असतो. रेडिओ उंचीचे चढउतार सरळ कापून टाकतो आणि त्यासोबत ठिणग्याही कापल्या जातात.

पण हे कापणं जमतं ते स्टेशनचा सिग्नल जोमदार असेल तेव्हाच. म्हणून जवळच्या, ताकदवान एफएम स्टेशनवरही टिकटिक किंवा कुईं येत असेल, तर मी इंजिनाकडे जायच्या आधी अँटेनाकडे जातो. इंजिन पूर्वीइतकाच गोंगाट करत असतं. रेडिओला मिळणारा सिग्नल मात्र क्षीण झालेला असतो.

अँटेनाच्या केबलमध्ये मधली एक तार आणि तिच्याभोवती जाळी असते. जाळीचं काम मधल्या तारेला गोंगाटापासून झाकून ठेवणं, आणि ते जमायला जाळी अँटेनाच्या बुडाशी बॉडीला घट्ट टेकलेली हवी. नेमकं तिथेच पाणी मुरतं आणि गंज धरतो. साध्या दांडीच्या अँटेनाची केबल स्टिरिओच्या मागून काढून मल्टिमीटरने तीन गोष्टी पाहा: पिनचं टोक आणि दांडी यांत जवळजवळ शून्य ओहम, पिनचा बाहेरचा भाग आणि गाडीची बॉडी यांतही एक ओहमच्या आत, आणि टोक व बाहेरचा भाग यांत काहीच संबंध नाही. तिसऱ्यात आकडा दिसला तर आत पाणी आहे किंवा तार टेकलीय. काचेतल्या किंवा छतावरच्या आखूड अँटेनांना हा हिशेब लागू नाही, कारण त्यांच्यात छोटा ॲम्प्लिफायर असतो.

या छोट्या ॲम्प्लिफायरला १२ व्होल्ट लागतात, आणि कंपनीचा स्टिरिओ काढून दुसरा बसवताना ते द्यायचे राहतात. नव्या स्टिरिओतून त्यासाठी बहुधा निळी वायर निघते. ती टेप गुंडाळून मोकळी सोडलेली मी पाहिली आहे. काही गाड्यांत हा करंट अँटेनाच्या केबलमधूनच जावा लागतो, तिथे खास ॲडॉप्टर लावावा लागतो. ‘नवा स्टिरिओ बसवल्यापासून स्टेशन कमी लागतात आणि खरखर येते’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

केबल काढून ठेवल्यावर दुसरी एक चाचणीही होते. अँटेनाशिवाय रेडिओ नुसता स्स्स करेल, ते स्वाभाविक आहे. त्या स्स्समध्ये कुईं किंवा टिकटिक राहिली का, तेवढं ऐकायचं. गेली असेल तर ती अँटेनातूनच येत होती.

अर्थिंग नावाचा खरा गुन्हेगार

गाडीची लोखंडी बॉडी हीच निगेटिव्ह वायर असते. कागदावर ती सगळीकडे शून्य व्होल्ट, प्रत्यक्षात नाही. सांधे, बोल्ट, गंज यांत किंचित रेझिस्टन्स असतो. समजा एका सांध्यात ०.००२ ओहम आहेत आणि त्यातून ४० अँपिअर वाहतात. त्या सांध्याच्या दोन बाजूंत ०.०८ व्होल्टचा फरक पडला. दिव्याला तो कळणार नाही. पण स्टिरिओ सांध्याच्या अलीकडे आणि डिकीतला ॲम्प्लिफायर पलीकडे अर्थ केला असेल, तर हा फरक दोघांना जोडणाऱ्या आरसीए केबलच्या जाळीवर येतो. त्या केबलमधलं गाणं जेमतेम एक-दोन व्होल्टचं. करवतीचे दात त्यात मिसळतात, आणि ॲम्प्लिफायर इमानेइतबारे दोन्ही मोठं करतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. माझ्या फोनचं हेच झालं होतं: ऑक्स केबलमधून एक अर्थ, चार्जरमधून दुसरा, आणि मधल्या फरकावर कुईं.

तपासायला मल्टिमीटर डीसी व्होल्टवर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं स्टिरिओच्या लोखंडी खोक्यावर. इंजिन, दिवे, पंखा सगळं चालू. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर अर्थिंग सुधारायला हवं. हेच ॲम्प्लिफायरवर करा. सुधारणं म्हणजे काय, तर बॉडीवरचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडायचा, वायरच्या टोकाला घट्ट लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) मारायचा, नट-बोल्टने आवळायचा आणि वरून गंज धरू नये म्हणून ग्रीस लावायचं. वायर जाड आणि आखूड हवी. रंगावर आवळलेला स्क्रू अर्थिंग देत नाही. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग जोडू नका, तो बोल्ट तुमच्या जीवासाठी आहे.

तरीही लूप तुटत नसेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो. त्यात दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात, गाणं पलीकडे जातं पण तारेने तार जुळत नाही. स्वस्तातला घेतला तर ढोलकीचा दम जातो. फोनसाठी ब्लूटूथ वापरणं त्यापेक्षा सोपं. आणि ॲम्प्लिफायरचा गेन पूर्ण फिरवून ठेवला असेल तर तो आधी उतरवा. गेन हे आवाज वाढवायचं बटण नाही, आत येणारा सिग्नल किती मोठा करून घ्यायचा ते तो ठरवतो. स्टिरिओकडून सिग्नल जोरात आणि ॲम्प्लिफायरचा गेन खाली, असं ठेवलं की वाटेत मिसळलेली कुईं आपोआप मागे पडते.

चार्जर, डॅशकॅम, एलईडी

हे नवे उपद्रवी. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करायला चार्जर करंट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतो, आणि त्याचा कचरा एएमच्या पट्ट्यात, कधी एफएममध्येही सांडतो. याचा आवाज रेससोबत बदलत नाही, सतत एकसारखी खरखर राहते. उपकरण काढलं की आवाज गेला, इतकं निदान सोपं आहे. डॅशकॅमची वायर अँटेनाच्या केबलला चिकटून खांबातून नेली असेल तर दोन्ही लांब करा. फेराइटचा ठोकळा (वायरीतला असा कचरा अडवणारा काळा चुंबकीय तुकडा) वायरवर, उपकरणाच्या अगदी जवळ बसवा. वायर त्यातून एकदाच नेण्यापेक्षा तीन वेळा गुंडाळून नेली तर परिणाम साधारण नऊपट होतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. हे केल्याशिवाय ‘फेराइटने काही होत नाही’ म्हणू नये. चार्जरच भिकार असेल तर मात्र तो बदला, ठोकळ्यांचे हार घालू नका.

इलेक्ट्रिक गाड्यांत हीच गोष्ट मोटरच्या इन्व्हर्टरमध्ये शेकडो व्होल्टवर चालते. बीएमडब्ल्यूच्या आय-३ मध्ये एएम दिलाच नाही आणि टेस्लानेही तो पुढे काढून टाकला, त्यामागे हेच आहे. अशा गाडीत या शेकडो व्होल्टच्या नारिंगी केबलला हात लावायचा नाही, तिथला इलाज कंपनीच्या लोकांचा.

मग फिल्टर कधी बसवायचा? अर्थिंग पक्कं आहे, अल्टरनेटर ठीक आहे, आवाज सगळ्या सोर्सवर येतो आणि चार्जर काढला तरी राहतो, तेव्हा. खात्री करायची असेल तर स्टिरिओचे प्लस आणि मायनस दोन्ही गाडीपासून सोडवून, फ्यूज लावलेल्या वायरीने एका वेगळ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. स्टिरिओचं खोकं आणि अँटेनाची केबल या वेळी बॉडीला टेकता कामा नये, आणि गाणं पेनड्राइव्हवरचं लावा. इंजिन चालू असून कुईं गेली, तर ती करंटच्या वायरीतूनच येत होती. आता फिल्टर घ्या, स्टिरिओच्या फ्यूजपेक्षा जास्त अँपिअरचा, आणि स्टिरिओच्या जवळ बसवा. वेगळ्या बॅटरीवरही आवाज तसाच राहिला आणि इंजिन बंद केल्यावरही गेला नाही, तर दोष स्टिरिओच्या पोटात आहे, बहुधा सुकलेला कपॅसिटर किंवा सुटलेला सोल्डर, आणि तो उघडणाऱ्याच्या टेबलावर न्यावा लागेल.